घराण्याचा खांदा

जेवणं आटोपली आणि ताईंनी रिकाम्या ताटावर चमचा वाजवला. ताईंचा चमचा वाजला की बोलणारे गप्प होत आणि मुळात गप्प असलेले सावरून बसत. तिघा भावंडांत त्या सर्वांत थोरल्या. लग्न होऊन दुसऱ्या घरी गेल्याला जन्म लोटला होता, पण जाताना ह्या घराचा कारभार मागे ठेवून जायचं काही त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

"मेजाचं आज ठरवायचं," त्या म्हणाल्या. "पोटं भरलेली आहेत. निदान भांडण बसल्या जागेवरून होईल."

मेज म्हणजे दुकानाच्या माडीवर, रस्त्याकडच्या खिडकीखाली असलेलं कापड कापायचं मेज. आजोबांनी दुकान काढलं तेव्हा ते आलं आणि तेव्हापासून जागचं हललं नव्हतं. कोट-पाटलोणी शिवणाऱ्या ह्या घरात शिवणारे हात कितीही असोत, मेजावर कात्री एकाचीच चाले. आणि ज्याची चाले त्याला घरचे-दारचे सगळे मास्तर म्हणत. सध्याचे मास्तर ताईंच्या पाठचे भाऊ. त्यांना आता काळ्या कापडावर खडूची रेघ नीट दिसेना. नुकत्याच त्यांनी एका वकिलाच्या कोटाच्या दोन्ही डाव्या बाजू कापल्या होत्या, आणि वकीलसाहेब दोन्ही बाजूंनी बोलणारे असले तरी कोटाच्या बाबतीत त्यांना एक उजवी लागत होती.

टेबलाच्या टोकाला मास्तरांचे धाकटे भाऊ बसले होते. सगळे त्यांना धाकटेच म्हणत. वयाची साठी उलटली तरी त्यात फरक पडला नव्हता. ते आपले सगळ्यांच्या पेल्यांत पाणी ओतत होते. वाद सुरू होणार असं दिसलं की धाकटे पाणी ओतायला घेत.

"ठरवायचं काय त्यात?" ताई पुढे म्हणाल्या. "ज्याला खांदा आला, त्याचं मेज. आजोबांपासूनची रीत आहे."

खांद्याची गोष्ट ह्या घरात पोरांना उष्टावणाबरोबरच भरवली जाई. आजोबांचा उजवा खांदा दुखायचा. पुढून नाही, मागून. पाठीच्या फऱ्याखाली, एका ठरावीक जागी. विशेषतः भरपेट जेवण झालं की कळ यायची. आजोबा म्हणत, 'कात्री हातातून वर चढते आणि तिथे जाऊन बसते. खरा कापणारा असेल त्याच्याच खांद्यात बसते, ऐऱ्यागैऱ्याच्या नाही.' पुढे त्यांच्या मुलाचा, म्हणजे अण्णांचा, खांदा त्याच जागी दुखायला लागला, तेव्हा आजोबांच्या डोळ्यांत आनंदानं पाणी आलं आणि मेज अण्णांकडे गेलं. अण्णांच्या दोन मुलांपैकी थोरल्याचा खांदा एका रविवारी जेवणानंतर असा काही दुखला की तो जमिनीवर लोळला. अण्णांनी त्याला उठवून मिठी मारली.

धाकट्याचा खांदा काही दुखेना. त्यानं काय काय केलं नाही! जड इस्त्री उजव्याच हातानं उचलली, उजव्याच कुशीवर झोपला, अडगळीतली पोती कात्रीनं फाडत बसला. मान अवघडली, तळहाताला घट्टे पडले, पण पाठीच्या फऱ्याखालची ती मानाची जागा आपली ठणठणीत. मग तो बाह्यांकडे गेला. तेव्हापासून दुकानातली प्रत्येक बाही धाकट्यांनी लावली होती, आणि बाही लावण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. दुसऱ्यानं कापलेली बाही, अर्थात.

"मग सुतळ्याच," ताई म्हणाल्या. "गेल्या वर्षापासून येतोय की त्याला खांदा."

सुतळ्या हा धाकट्यांचा मुलगा. लहानपणी सुतळीच्या तोड्यासारखा होता म्हणून ते नाव पडलं. आता तो शिवणयंत्रावर बसायचा तेव्हा पोट आधी पोहोचायचं आणि सुतळ्या मागून. पण नाव तेच राहिलं.

"वन्सं, रीत रीत काय धरून बसलात?" वहिनी म्हणाल्या. त्या मास्तरांच्या पत्नी. एरवी त्यांचा आवाज फोडणीच्या आवाजाला दबून असे. "वकिलाचा कोट निस्तरला कोणी? माझ्या मुलीनं. तिच्याइतका स्वच्छ काप ह्या घरात आहे का कोणाचा?"

"अगं, काप चांगला असेल. पण खांदा?"

"आत्या, माझा खांदा छान आहे," वहिनींची मुलगी म्हणाली. ती डावखुरी, म्हणून घरात तिला डावरी म्हणत. "दुखत नाही हे माझं चुकलंच. उद्यापासून भिंतीवर आपटून बघते."

"बघा! ही भाषा!"

"धाकटे भावजी, तुम्हीच सांगा," वहिनींनी एकदम मोर्चा वळवला. "तुमचा मुलगा एकीकडे, पुतणी एकीकडे. तुम्ही दोघांचाही काप बघता. खरं बोला."

धाकट्यांच्या हातातला जग अधांतरी राहिला. खरं बोलायचं तर डावरी सरस होती, ह्यात वाद नव्हता. पण त्याहून खरं असं आणखी एक होतं. ते त्यांनी इतकी वर्षं कुणापाशी काढलं नव्हतं आणि आता त्यांना स्वतःलाच त्याची लाज वाटे. मेजाचा विषय निघाला की त्यांच्या मनात आधी ना मुलगा यायचा, ना पुतणी. आधी त्यांना स्वतःच्या हातात ती मोठी कात्री दिसायची.

"मी काय सांगणार," ते म्हणाले. "पाणी हवं का कोणाला?"

तेवढ्यात मास्तरांनी खांदा धरला.

त्यांनी तळलेले मासे दोनदा घेतले होते, लोण्याचा पाव किती घेतला ते कोणी पाहिलं नव्हतं, आणि सायीच्या केकचा उरलेला तुकडा 'वाया कशाला घालवायचा' म्हणून संपवला होता. आता त्यांचा चेहरा आवळला आणि उजवा खांदा कानाकडे चढला. टेबलाभोवती आदराची शांतता पसरली.

"बघा," ताई हळूच म्हणाल्या, "मेजाचं नाव काढलं मात्र, खांदा बोलायला लागला."

सुतळ्या उठून मोठ्या काकांची पाठ चोळायला लागला. चोळता चोळता, आपलाही थोडा दुखतोय, असं त्यानं नम्रपणे सांगितलं. पण ह्या वेळी कळ ओसरेना. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. ते उठले, भिंत धरून मोरीपाशी गेले आणि खाल्लेलं सगळं बाहेर पडलं. तरीही कळ तशीच.

"बाबा," डावरी म्हणाली, "खांदा मागे आहे. मग हात पुढे का दाबताय?"

सगळ्यांनी पाहिलं. मास्तरांचा हात उजव्या बरगड्यांखाली घट्ट रुतला होता.

"मला काय माहीत," मास्तर कळवळून म्हणाले. "तो नेहमी तिथेच जातो."

*

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई चटपटीत होत्या. चष्मा डोक्यावर सरकवायचा, विसरायचा आणि मग टेबलावर शोधायचा, अशी त्यांची पद्धत होती. त्यांनी मास्तरांच्या उजव्या बरगडीखाली बोटं ठेवून "दीर्घ श्वास घ्या" म्हणून सांगितलं. मास्तरांनी घेतला आणि श्वास निम्म्यावर अडकला.

"हं. कळ मागे खांद्याकडे जाते का?"

कण्हत असलेल्या मास्तरांचा चेहरासुद्धा थोडा उजळला. ताई तर पुढेच झाल्या. "जाते का म्हणजे? तीन पिढ्यांची आहे!"

"तीन पिढ्या?" डॉक्टरीणबाईंनी चष्मा शोधला, सापडला, लावला. "कधी येते? जेवणानंतर? तेलकट-तुपकट खाल्ल्यावर जास्त?"

"तुम्हाला कसं कळलं?" सुतळ्यानं विचारलं.

"साखर तपासली होती कधी?"

"आमच्यात साखर नाही," मास्तर म्हणाले. "आजोबांना आणि अण्णांना होती, पण ती म्हातारपणी. आमच्यात म्हातारपणी होते."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, पण त्यावर बोलल्या नाहीत. "कमरेचं माप हवंय मला. अहो सिस्टर, टेप कुठे गेली हो?"

हे शब्द उच्चारायचा अवकाश, चार हात गळ्याकडे गेले आणि चार टेपा सळसळत समोर आल्या. वहिनींची, डावरीची, सुतळ्याची आणि धाकट्यांची. ताई तेवढ्या ओशाळून पर्समध्ये शोधायला लागल्या.

"चारही नकोत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कोणीतरी एकानं घ्या."

धाकटे पुढे झाले. टेप दादाच्या कमरेभोवती नेताना त्यांना कसंसंच झालं. गिऱ्हाइकाची कंबर अर्ध्या इंचानं वाढली तरी दुकानाच्या दारातच ओळखणारा हा दादा. त्याची कंबर मात्र आजवर कोणी मोजलीच नव्हती. मास्तरांच्या पाटलोणी डावरी जुन्या पाटलोणीवरून कापायची आणि जरा सैल ठेवायची. मग तीच जुनी व्हायची, आणि पुढली तिच्यावरून, जरा सैल.

"दोन बोटं आत घाल," मास्तरांनी वेदनेतही सूचना केली.

"बोटं घालू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि काका, पोट आत ओढू नका. मी काही तुम्हाला कोट शिवणार नाहीये."

"बेचाळीस," धाकटे पुटपुटले.

"किती?" मास्तर.

"बेचाळीस, दादा."

"टेप जुनी आहे तुझी. ताणली गेलीय."

"ताणली असती तर कमी भरली असती," डावरी म्हणाली. हिशेब तिचा बरोबर होता.

सुतळ्यानं तोवर कोणाचं लक्ष नाही असं पाहून स्वतःच्या कमरेला टेप लावली होती. त्यानं आकडा वाचला, टेप गुंडाळली आणि खिशात खोल ढकलली.

*

दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळी सगळे मास्तरांच्या खाटेभोवती उभे होते. सलाईन चालू होतं, कळ बरीच उतरली होती, आणि मास्तर इस्पितळाच्या झग्याचा गळा कसा चुकीचा कापला आहे ते वहिनींना समजावून देत होते. डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या.

"पित्ताशयात खडे आहेत," त्या म्हणाल्या. "बरेच. पित्ताशय सुजलंय, ते काढावं लागेल. दुर्बिणीतून करतात, फार मोठं प्रकरण नाही. पण तेवढंच नाहीये. साखर चांगलीच वाढलेली आहे, रक्तातली चरबी वाढलीय, यकृतावर चरबी बसलीय, रक्तदाबही जास्त आहे."

"एकाच वेळी एवढं सगळं?" वहिनींनी पदराचं टोक घट्ट धरलं. "काल सकाळपर्यंत धडधाकट होते हो!"

"काल सुरू झालेलं नाही, काल कळलं. ही सगळी एका गोतावळ्यातली माणसं आहेत, एक आलं की बाकीची मागे असतातच. शरीर खाल्लेल्याचं काय करतं, ते यंत्रच बिघडतं. पोटावर चरबी साठते, मग इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं. यकृत पित्तामध्ये जास्त कोलेस्टेरॉल सोडायला लागतं. चहात साखर जास्त झाली की विरघळायची थांबते आणि तळाशी बसते ना? तसं. त्यातून पित्ताशय सुस्तावतं, वेळच्या वेळी रिकामं होत नाही. बसलेला गाळ तसाच राहतो आणि त्याचे खडे होतात."

"म्हणजे पोट सुटलं की खडे?" ताईंनी विचारलं.

"सगळ्यांनाच होतात असं नाही. बारीक माणसांनाही होतात कधी कधी. पण पोट, साखर, चरबी हे सगळं असेल तर शक्यता बरीच वाढते. आणि घराण्यात असेल तर आणखी."

मास्तर बराच वेळ छताकडे पाहत होते. "डॉक्टरबाई," ते शेवटी म्हणाले, "हे पोटाचं झालं. खांद्याचं काय?"

"खांद्याला काही झालेलं नाही."

"दुखतो हो तो! इतकी वर्षं दुखतोय."

"दुखतो पित्ताशयामुळे. पित्ताशयाची तक्रार आणि खांद्याची तक्रार मेंदूकडे जवळजवळ एकाच वाटेनं जाते, त्यामुळे मेंदूची गल्लत होते. आजारी एक, ओरड दुसऱ्याची."

"आणि कात्री?"

"कसली कात्री?"

शेवटी डावरीनं ती तीन पिढ्यांची हकीकत सांगितली: आजोबा, अण्णा, बाबा, मेज. डॉक्टरीणबाई आधी हसल्या, मग सगळ्यांचे चेहरे पाहून थांबल्या.

"तुमच्या आजोबांना आणि वडलांना मी तपासलेलं नाही," त्या जपून म्हणाल्या. "त्यामुळे छातीठोक सांगता येणार नाही. दिसायला कसे होते ते?"

सगळ्यांच्या डोळ्यांपुढे दुकानातला आजोबांचा फोटो आला. जाकिटाची बटणं प्राणपणानं एकमेकांना धरून राहिलेली. घरात त्या पोटाला भरभराट म्हणत.

"भारदस्त," ताई बारीक आवाजात म्हणाल्या.

"मग शक्यता आहे. आणि अजून कोणाचा खांदा दुखतो म्हणालात?"

सगळे सुतळ्याकडे वळले. सुतळ्या खिडकीबाहेर पाहायला लागला.

*

सुतळ्याची तपासणी त्याच दुपारी झाली. धाकटे बाहेरच्या बाकावर बसले होते. सुतळ्या सोनोग्राफीसाठी पोटावर लावलेलं ते गार चिकट जेल पुसत बाहेर आला आणि त्यांच्या शेजारी बसला. बाक कुरकुरला.

"आहेत," तो म्हणाला. "लहान आहेत, पण आहेत. दुखतात म्हणजे सर्जनला दाखवायला हवं म्हणाल्या. साखर अजून काठावर आहे. आत्ताच सांभाळलं तर मागे फिरेल."

धाकट्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. सुचलं ते एवढंच: "जेवलास का?"

"बाबा, त्यावरूनच तर सगळं झालंय."

दोघंही हसले. हसताना सुतळ्यानं बरगडीखाली हात नेला आणि मग म्हणाला, "एक सांगू? मला सुटल्यासारखं वाटतंय. मला कापायचं नव्हतंच. नव्या कापडाला कात्री लावताना माझा हात लटपटतो. मला पुढे, दुकानात, लोकांशी बोलायला आवडतं. पण एकदा खांदा आल्यावर कसं नाही म्हणणार? आत्यानं पेढ्यांसारखी बातमी वाटली सगळीकडे."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला?" सुतळ्या त्यांच्याकडे पाहत राहिला. "तुम्हाला खांदा नव्हता आला. मला वाटलं, निदान माझ्या रूपानं तरी घरात... तुम्हाला बरं वाटेल."

धाकटे उठले आणि पाण्याचा पेला शोधायला गेले. पाण्याच्या टाकीपाशी ते जरा जास्तच वेळ उभे राहिले. दादाला मेज मिळालं ते कापामुळे नाही. कात्रीमुळे नाही. मासे पचले नाहीत म्हणून मिळालं. आणि आपल्याला मिळालं नाही, ते आपलं पोट साफ होतं म्हणून! राग यावा असं होतं हे. त्यांनी प्रामाणिकपणे राग आणायचा प्रयत्नही केला. पण दादा कळवळत होता तेव्हाचा त्याचा चेहरा मधे येई. आणि मग आजोबांच्या जाकिटाची बटणं आठवून हसू येई.

*

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ताई सगळ्यांच्या आधी हजर होत्या. रात्रभरात त्यांनी पक्ष बदलला होता, आणि तो नेहमीच आपला होता अशा थाटात.

"मी आधीपासून म्हणत होते, खांद्यावर काय आहे? काप बघा, काप! आणि आजपासून ह्या घरात कोणी जेवायचं नाही. सुतळ्या, तुला पंधरवडाभर नुसतं लिंबूपाणी."

"तसलं काही करू नका," कागद तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाई दारातूनच म्हणाल्या. "उपाशी राहून भराभर वजन उतरवलं तर खडे उलट वाढतात. वेळेवर जेवायचं, बेतानं जेवायचं, रोज चालायचं. हळूहळू उतरू दे. घाई नको."

"हळूहळू तर आम्ही सगळंच करतो," डावरी म्हणाली. "खांदा कळायला तीन पिढ्या लागल्या."

मास्तर हसले नाहीत. ते उशीला टेकून बसले होते. एका रात्रीत थोडे लहान झाल्यासारखे. "ताई," ते म्हणाले, "काप बघा म्हणतेस. कोणी बघितला माझा काप? अण्णांनी मला मिठी मारली, ती कशासाठी मारली? आता मला कळत नाही, मी मास्तर होतो की नुसता आजारी होतो."

वहिनींनी त्यांच्या अंगावरचं पांघरूण उगाच सरळ केलं.

"दादा," धाकटे म्हणाले, "तू कापलेल्या कोटांना बाह्या मी लावल्या. वाईट कापलेल्या कोटाला बाही बसत नाही, कितीही ओढा. तुझ्या कोटांना बसायची."

"वकिलाच्या नाही बसली."

"तो गेल्या महिन्यातला. त्याच्या आधीचं सांगतोय मी."

मास्तरांनी मान हलवली. त्यांचे डोळे ओले झाले, मग त्यांनी ते झग्याच्या बाहीला पुसले आणि बाही वाईट लावली आहे असं म्हणाले. "बरं. आता मेजाचं बोलून टाका, मला आत नेण्याआधी. सुतळ्या नको म्हणतोय. म्हणजे डावरी."

"डावरीच," वहिनी म्हणाल्या.

"डावरीच," ताई म्हणाल्या. "धाकट्याचं काही म्हणणं असणारच नाही. त्यानं कधी कशाला नाही म्हटलंय?"

सगळे धाकट्यांकडे पाहून हसले. घरातल्या घड्याळाकडे पाहावं तशा सवयीनं. त्यांनी आता 'मी काय सांगणार' म्हणायचं, की विषय संपला. धाकट्यांनीही ते म्हणायला तोंड उघडलं.

"मला पाहिजे," ते म्हणाले.

"पाणी?" वहिनींनी विचारलं.

"मेज."

स्वतः धाकटेच दचकले होते. कान तापले आणि हात सवयीनं जग शोधायला लागला. पण शब्द बाहेर पडून गेला होता.

"अरे, ह्या वयात?" ताई म्हणाल्या.

"हो. ह्याच वयात. आधीच्या वयात माझा खांदा दुखत नव्हता."

"भावजी, आणि माझी मुलगी? तिनं कधीपर्यंत थांबायचं?"

हा प्रश्न खरा होता. त्यांनी डावरीकडे पाहिलं. ती ओठ चावत उभी होती. तिचाच घास काढून घेत होते ते, आणि तेही तिच्या वडलांच्या खाटेपाशी. त्यांना वाटलं, परत घ्यावा शब्द. ती लहान असताना तिला खडू धरायला शिकवलं ते आपणच.

"काका, मला राग आलाय," डावरी म्हणाली.

"येणारच गं."

"थांबा, बोलू द्या. राग आलाय, पण तुम्ही मागताय ते चूक आहे असं काही मला म्हणता येत नाहीये, म्हणून जास्त आलाय." मग तिच्या कपाळावरची आठी हळूहळू बदलली. नवीन कापड समोर आलं की बदलायची तशी. "बाबा, मेज एकच का?"

"म्हणजे काय? पहिल्यापासून एकच आहे."

"पण का? खांदा एकालाच यायचा, म्हणून. आता खांदाच नाही. मागच्या खिडकीखाली जागा आहे. त्या मोठ्या मेजावर मला नाहीतरी उजेड उलट्या बाजूनं पडतो. माझ्याच हाताची सावली माझ्या रेघेवर. मी माझं मेज तिकडे मांडते. काका इकडे कापतील, मी तिकडे."

"दोन मास्तर?" ताईंना हे पचायला जड जात होतं. "एका दुकानात?"

"वकिलाला दोन डाव्या बाजू चालल्या नाहीत," सुतळ्या म्हणाला, "पण आपल्याला एक डावरी आणि एक उजवे चालतील की."

मास्तर हसायला लागले आणि लगेच बरगडी धरून विव्हळले. "हसवू नकोस रे गाढवा!"

तेवढ्यात ढकलगाडी घेऊन माणसं आली. मास्तरांना तिच्यावर घेतलं. गाडी हलायला लागली तशी त्यांनी धाकट्यांचा हात पकडला.

"ऐक. तो चौकडीचा कोट आहे ना, बँकेच्या साहेबांचा? चौकडी खिशापाशी जुळवताना आधी—"

"दादा, मला येतं."

मास्तर पडल्या पडल्या त्यांच्याकडे पाहत राहिले. "येतं, तर इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"कसा बोलणार? सगळे तुझा खांदा चोळत होते."

*

ऑपरेशन नीट झालं. साखर आटोक्यात यायला वेळ लागला, म्हणून मास्तरांना आणखी काही दिवस इस्पितळातच ठेवलं. त्यांच्यापाशी फोन होता आणि करायला दुसरं काही नव्हतं.

माडीवर धाकटे मोठ्या मेजापाशी उभे होते. चौकडीचं कापड पसरलेलं होतं, खडूच्या रेघा आखून झाल्या होत्या. त्यांनी माप परत घेतलं. मग पुन्हा एकदा घेतलं. इतकी वर्षं बाहीपुरतं कापड हातात घेणाऱ्या माणसाला ते पसरलेलं सबंध कापड शेतासारखं अफाट वाटत होतं. चुकलं तर? ह्या वयात, सगळ्यांदेखत मागून घेऊन, पहिलाच कोट चुकला तर?

मागच्या खिडकीखाली, दोन लाकडी घोड्यांवर फळी टाकून केलेल्या नव्या मेजावरून डावरीची कात्री करकरत चालली होती. ती थांबली.

"काका, रेघ बरोबर आहे. मी मघाशी बघून आले."

"तू कशाला बघितलीस?"

"मला राग होता ना. चूक सापडेल म्हणून बघितली." कात्री पुन्हा चालू झाली. "नाही सापडली."

धाकट्यांनी कात्री उघडली आणि कापडात घातली.

खाली दुकानात फोन वाजला. सुतळ्या तिथे गिऱ्हाइकांशी बोलायला बसत असे. सकाळचं चालणं करून आल्यामुळे त्याचा चेहरा लाल झाला होता. त्यानं फोन उचलला. पलीकडून इतक्या जोरात बोलणं चाललं होतं की समोरच्या गिऱ्हाइकालाही ऐकू जात होतं: चौकडी जुळली का, खिसा कुठे धरला, धाकट्याला फोनवर बोलाव, ताबडतोब.

सुतळ्यानं जिन्याकडे कान दिला. वरून एकसारखा, न अडखळणारा, लांबलचक कापल्याचा आवाज येत होता.

"आत्ता नाही बोलावता येणार, मोठे काका," तो म्हणाला. "मास्तर कापतायत."